नकाराची नोंद



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते, ते अण्णा याच पेठेत औषधांचं दुकान चालवत. त्यांच्या आठवणी सांगणारे अनेकजण इथे बोलून गेले आहेत. मला त्यात भर घालण्याजोगं काही नाही, मी त्यांचं गिऱ्हाईक होतो एवढंच. म्हणून आठवणी बाजूला ठेवतो आणि त्यांच्या धंद्यातल्याच एका अडचणीबद्दल बोलतो. डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली, रोगी ती घेऊन दुकानात आला आणि दुकानदाराने औषध द्यायला नकार दिला, तर पुढे काय होतं? आणि ते औषध असह्य दुखण्यावरचं असेल तर?

हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो अमेरिकेत, गेल्या पंधरा वर्षांत. नोकरीभर फार्मसी कॉलेजात शिकवत आलो, त्यामुळे माझे बरेच विद्यार्थी तिकडे काउंटरमागे उभे आहेत. कुणी न्यू जर्सीत, कुणी टेक्सासमध्ये, कुणी फ्लोरिडात. सुट्टीवर आले की भेटतात, आणि पगार-घर-मुलं हे विषय संपले की गाडी नेमकी इथे येते. आज मी प्रामुख्याने तिकडचंच सांगणार आहे. शेवटी आपल्याकडे वळेन, पण ओढूनताणून नाही. अफूच्या बोंडाने हे दोन देश फार आधीपासून बांधलेले आहेत.

तिथलं एक नेहमीचं उदाहरण घ्या. फ्लोरिडातली एक बाई, मणक्यावर दोन शस्त्रक्रिया झालेली. डॉक्टर तिला दर महिन्याला ऑक्सिकोडोन लिहून देतात. हे अफूच्या जातीचं वेदनाशामक, अमेरिकी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतलं, म्हणजे कडक नियंत्रणातलं. या अनुसूचीतल्या औषधाची चिठ्ठी एकदाच चालते, पुढच्या महिन्याला नवी लागते. बाई नेहमीच्या दुकानात जाते. फार्मासिस्ट पडद्याकडे पाहतो आणि म्हणतो, स्टॉक नाही. कधी येईल? सांगता येत नाही. ती दुसऱ्या दुकानात जाते. तिथे सांगतात, आम्ही नवीन गिऱ्हाइकाला हे औषध देत नाही. तिसरीकडे, तुमचे डॉक्टर फार लांबचे आहेत. फोन करून आधी विचारावं तर अनेक दुकानं दरोड्याच्या भीतीने फोनवर या औषधाबद्दल बोलतच नाहीत, स्वतः जावं लागतं. मणका दुखणाऱ्या बाईने गाडी चालवत गावभर फिरायचं. फ्लोरिडात या फिरण्याला ‘फार्मसी क्रॉल’ असं नाव पडलं. यातली खरी गोम पुढे आहे. जो रोगी बऱ्याच दुकानांतून औषध घेतो, तो व्यसनी किंवा दलाल असावा, असं संशयाचं एक ठरलेलं लक्षण आहे. म्हणजे एका दुकानाने नकार दिला म्हणून दुसऱ्याकडे जायचं, आणि दुसऱ्याकडे गेलं म्हणून तिसऱ्याने संशय घ्यायचा.

फार्मासिस्ट असा का वागतो? तो दुष्ट आहे म्हणून वागतो, असं मला वाटत नाही. मी यांना शिकवलेलं आहे, त्यातले निम्मे तर रक्त काढताना पाहिलं तरी घेरी येणारे.

अमेरिकेत १९७० साली नियंत्रित द्रव्यांचा कायदा झाला आणि त्याखाली नियम आले. त्यातला एक नियम सांगतो की चिठ्ठी खऱ्या वैद्यकीय कारणासाठी आणि डॉक्टराच्या नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात लिहिलेली असली पाहिजे. ही जबाबदारी चिठ्ठी लिहिणाऱ्याची, पण औषध देणाऱ्या फार्मासिस्टवरही तिच्या तोडीची जबाबदारी आहे. चिठ्ठी खोटी आहे हे माहीत असून, किंवा कळण्यासारखं असून डोळेझाक करून औषध दिलं, तर फार्मासिस्टही गुन्हेगार.

ही कल्पना १९७०च्याही पलीकडची आहे. अफूजन्य औषधांवर नियंत्रण आणणाऱ्या १९१४च्या हॅरिसन कायद्यानंतर मेम्फिस शहरात वेब नावाचे एक डॉक्टर पन्नास सेंट घेऊन मॉर्फिनच्या चिठ्ठ्या लिहीत, आणि गोल्डबॉम नावाचा औषधविक्रेता त्या चिठ्ठ्यांवर मॉर्फिन देई. वर्षभराच्या आत चार हजारांहून जास्त चिठ्ठ्या झाल्या. १९१९ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की व्यसनी माणसाला नुसतं बरं वाटत राहावं म्हणून लिहिलेल्या कागदाला चिठ्ठी म्हणताच येणार नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात डॉक्टर आणि दुकानदार शेजारीशेजारी उभे होते. तेव्हापासून तो दुकानदार तिथून खाली उतरलेला नाही.

आता मधली वर्षं भराभर ओलांडू, कारण ती बऱ्याच जणांनी वाचलेली असतील. परड्यू फार्मा या कंपनीने १९९६ साली ऑक्सिकाँटिन या नावाने ऑक्सिकोडोनचीच गोळी बाजारात आणली. हे सावकाश झिरपणारं औषध आहे, त्यामुळे व्यसनाचा धोका कमी, असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. २००७ साली कंपनीने याच दिशाभुलीबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि ६० कोटी डॉलरांवर रक्कम मोजली. कंपनीचा धंदा चालूच राहिला. पुढे सरकारी हिशेबाच्या नोंदी वृत्तपत्रांनी न्यायालयातून सोडवून घेतल्या तेव्हा २००६ ते २०१२ या सात वर्षांत ऑक्सिकोडोन आणि त्याच जातीच्या हायड्रोकोडोनच्या ७६ अब्ज गोळ्या देशात वाटल्या गेल्याचं दिसलं. हा आकडा लक्षात ठेवा. गोळ्या फार होत्या म्हणून तो मोठा आहेच, पण मला तो वेगळ्या कारणासाठी लागणार आहे.

त्या वर्षांत फ्लोरिडा ही या धंद्याची पेठ होती. दुखण्यावरचा दवाखाना अशी पाटी, बाहेर केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनियाच्या नंबरप्लेटच्या गाड्या, आत रोख पैसे, तपासणी दोन मिनिटांची, आणि डॉक्टरच गोळ्या विकायला बसलेला. लोक त्यांना पिल मिल म्हणत. २०११ साली राज्याने डॉक्टरांना दवाखान्यातून अशा गोळ्या विकायला बंदी केली, चिठ्ठ्यांची संगणकीय नोंद सुरू केली, दवाखाने बंद पाडले. त्याचा उपयोग झाला, हे मी दडपणार नाही. २०१० ते २०१२ या दोन वर्षांत फ्लोरिडात ऑक्सिकोडोनच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं. सगळेच निर्बंध निरर्थक होते असं म्हणणारा माणूस त्या काळातल्या फ्लोरिडातून फिरलेला नसणार.

पण दवाखाने बंद झाल्यावर चिठ्ठ्या दुकानांकडे वळल्या, आणि त्यांच्या मागोमाग सरकारही. फेब्रुवारी २०१२मध्ये डीईए या अमली पदार्थांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेने सीव्हीएस या साखळीच्या फ्लोरिडातल्या सॅनफर्ड गावच्या दोन दुकानांचा नियंत्रित औषधांचा परवाना थांबवला, पुढे तो रद्दच केला. कार्डिनल हेल्थ या घाऊक पुरवठादाराच्या लेकलँडच्या गोदामावरही बंदी आली. त्याच वर्षी सप्टेंबरात वॉलग्रीन्स या दुसऱ्या साखळीच्या जुपिटरच्या वितरण केंद्राची पाळी. जून २०१३मध्ये वॉलग्रीन्सने ८ कोटी डॉलर भरून तडजोड केली. डीईएच्या इतिहासातली ती तोवरची सर्वांत मोठी रक्कम होती. सरकारच्या भीतीबरोबर दुकानांत आणखी एक भीती होती, दरोड्याची. जून २०११मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या मेडफर्ड गावी हायड्रोकोडोन लुटायला आलेल्या माणसाने औषधाच्या दुकानात चौघांना गोळ्या घालून मारलं होतं.

त्या तडजोडीच्या सुमारास वॉलग्रीन्सने एक तपासयादी लागू केली. पैसे रोख देतोय का, पत्ता जवळचा आहे का, डॉक्टर नेहमीचे आहेत का, चिठ्ठी वेळेआधी आली का. उत्तरं पटली नाहीत तर डॉक्टरांना फोन करा आणि रोगनिदान विचारा, आधी कोणते उपाय केले ते विचारा, हे औषध किती दिवस चालणार ते विचारा. डॉक्टर चिडले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याच जूनमध्ये ठराव केला, की दुकानांनी अशा चौकशा करणं हा वैद्यकीय व्यवसायात हस्तक्षेप आहे. मला या भांडणात दोन्ही बाजूंचा कंटाळा येतो. डॉक्टरला अपमान वाटला, दुकानाला परवान्याची काळजी वाटली. दुकानाच्या बाकावर औषधाची वाट बघत बसलेल्या रोग्याला किती तास झाले, हे दोघांच्याही कागदात नव्हतं.

आणि इथे माझा मूळ मुद्दा येतो. ७६ अब्ज गोळ्यांचा आकडा आपल्याला कसा कळला? कारण कारखान्यातून निघालेली प्रत्येक अशी गोळी गोदामापर्यंत आणि गोदामातून दुकानापर्यंत सरकारी नोंदीत आहे. दुकानातून रोग्याच्या हातात गेली की ती राज्याच्या नोंदीत चढते. कुणी दिली, कुणाला दिली, किती दिली, कोणत्या तारखेला दिली. दिलेल्या गोळीचा इतका चोख हिशेब जगात दुसऱ्या कुठल्या वस्तूचा नसेल, सोन्याचाही नसेल. न दिलेल्या गोळीची अशी सरकारी नोंद मात्र नाही. काउंटरवरून परत गेलेला रोगी राज्याच्या नोंदीत चढत नाही. त्यामुळे दंड होतो तो देण्याच्या चुकीला. नकाराची चूक चूक म्हणून दिसतच नाही. एका विद्यार्थ्याने मला हेच त्याच्या शब्दांत सांगितलं, की सर, दिलेल्या औषधाबद्दल मला कोर्टात उभं करतील, पण परत पाठवलेल्या माणसाबद्दल कुणी साधी नोटीसही पाठवणार नाही. तो ऑर्लँडोच्या बाजूला एका साखळी दुकानात काम करतो. मी त्याच्या वर्गाचा नीतिशास्त्राचा तास घेतला होता. त्या तासात मी जे शिकवलं त्यापेक्षा हे एक वाक्य जास्त अचूक आहे.

नकार मोजला की काय दिसतं, याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि ते या सगळ्या गदारोळाच्या आधीचं आहे. डॉ. शॉन मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क शहरातल्या ३४७ औषधदुकानांना फोन केले आणि विचारलं, तीव्र वेदनेच्या रोग्याला पुरेल इतकी अफूजन्य औषधं तुमच्याकडे आहेत का? अभ्यास एप्रिल २००० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. निम्म्याहून जास्त दुकानांकडे पुरेसा साठा नव्हता. बहुसंख्य गोऱ्या वस्तीच्या भागांत ७२ टक्के दुकानांकडे होता, गोरे अल्पसंख्य असलेल्या भागांत फक्त २५ टक्के दुकानांकडे. म्हणजे हार्लेममध्ये राहणाऱ्या कर्करोगाच्या रोग्याला बहुधा नकार मिळणार हे तो दुकानाची पायरी चढायच्या आधीच ठरलेलं होतं. कोणी त्याच्या तोंडावर ‘तुला देत नाही’ म्हटलं नाही. नाही आमच्याकडे, एवढंच म्हटलं. ‘स्टॉक नाही’ हे उत्तर असं सोयीचं असतं. ते खोटं आहे हे कुणी सिद्ध करू शकत नाही आणि बऱ्याचदा ते खरंही असतं, कारण साठा ठेवायचाच नाही हा निर्णय आधी कुठेतरी झालेला असतो.

हा निर्णय पुढे पुढे दुकानदाराच्याही हातातून गेला. औषधं पुरवणाऱ्या मॅकेसन, कार्डिनल आणि अमेरिसोर्सबर्गन या तीन बड्या वितरकांनी राज्यांशी केलेल्या तडजोडीत २१ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. जुलै २०२२पासून तिच्या अटी लागू झाल्या. त्यात प्रत्येक दुकानाला नियंत्रित औषधांची कमाल मर्यादा ठरली. ती ओलांडणारी मागणी संशयास्पद धरून थांबवायची. आणि मर्यादा किती आहे हे दुकानाला सांगायचं नाही, सांगितलं तर दुकानदार मर्यादेच्या एक पाऊल अलीकडे थांबेल. तर्क बिनचूक आहे. परिणाम असा की गावातलं एक दुकान बंद पडलं आणि त्याची गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात आली, तर शेजाऱ्याची मागणी एकदम वाढते, म्हणजे तो संशयित. प्रामाणिक फार्मासिस्टसुद्धा महिनाअखेरीला नवीन रोगी घेईनासा होतो. जुन्यांनाच पुरलं पाहिजे ना. या जाळ्यात फक्त वेदनाशामकं नाहीत, लक्ष केंद्रित न होणाऱ्या मुलांची औषधं आणि झोपेच्या काही गोळ्याही त्याच यादीत आहेत.

वरून आणखी एक गोष्ट आली. अनेक राज्यांतल्या फार्मासिस्टना रोग्याचं नाव टाकलं की पडद्यावर तीन आकडी गुण दिसतात, शून्यापासून ९९९पर्यंत. जितके जास्त तितका धोका. नार्क्सकेअर नावाची ही खासगी कंपनीची प्रणाली आहे. गुण कसे निघतात हे कंपनीचं गुपित. पाळीव कुत्र्याच्या आजारपणात पशुवैद्याने लिहून दिलेली नियंत्रित औषधं मालकिणीच्या नावावर जमा होऊन तिचा गुण चढला आणि तिला उपचार नाकारले गेले, असं एक प्रकरण गाजलं. तुमच्या कुत्र्याने तुम्हाला व्यसनी ठरवायचं, ही कल्पना एखाद्या विनोदी लेखकाने लिहिली असती तर संपादकाने कापली असती.

यात वैद्यकाच्या बाजूचा दोष कमी नाही. मार्च २०१६मध्ये सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी मार्गदर्शन काढलं. जुनाट दुखण्यावर आधी इतर उपाय करा, अफूजन्य औषध द्यायचंच तर कमीत कमी द्या, रोजची मात्रा ९० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या बरोबरीवर नेणं टाळा किंवा तसं का केलं याचं कारण नीट ठेवा. कर्करोग आणि अंतकाळची सेवा त्यातून वगळली होती, आणि हे सगळं ऐच्छिक होतं. पण घाबरलेल्या व्यवस्थेच्या हाती ऐच्छिक आकडा पडला की तो सक्तीचा व्हायला वेळ लागत नाही. विमा कंपन्यांनी तो धरला, राज्यांनी कायद्यात घातला, साखळी दुकानांनी संगणकात भरला. नव्या, तात्पुरत्या दुखण्याच्या रोग्याला सात दिवसांवर औषध नाही, अशी मर्यादा सीव्हीएसने फेब्रुवारी २०१८पासून लावली आणि त्याच वर्षी वॉलमार्टनेही. वर्षानुवर्षं मोठ्या मात्रेवर स्थिरावलेल्या माणसांची मात्रा महिन्याभरात खाली आणली गेली. एप्रिल २०१९मध्ये अन्न आणि औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला, की औषध एकाएकी तोडल्याने रोग्यांना तीव्र वेदना, अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार यांना सामोरं जावं लागतंय. त्याच महिन्यात मूळ मार्गदर्शन लिहिणाऱ्यांनी स्वतः लेख लिहून सांगितलं, आमचा अर्थ असा नव्हता. नोव्हेंबर २०२२मध्ये सीडीसीने सुधारित मार्गदर्शन काढून कठोर आकडे मुख्य शिफारशींतून काढले. संगणकातले आकडे मात्र संस्थेच्या पश्चात्तापाची वाट बघत नाहीत, ते कुणीतरी बसून बदलावे लागतात.

एवढं करून मृत्यू थांबले का? अमेरिकेत अफूजन्य औषधांच्या चिठ्ठ्या २०१२मध्ये शिगेला पोचल्या होत्या, सुमारे २५ कोटी ५० लाख. २०२०मध्ये त्या १४ कोटी २० लाखांवर आल्या. अतिसेवनाने मरणारी माणसं २०१२ साली ४१ हजारांच्या वर होती, २०२१ साली एक लाख सहा हजारांवर गेली. त्यातली बहुतेक बेकायदा फेंटॅनिल या कृत्रिम अफूजन्य द्रव्याने मेली, जे कुठल्याही दुकानातून, कुठल्याही चिठ्ठीवर आलेलं नव्हतं. निर्बंधांमुळेच मृत्यू वाढले असं मी या आकड्यांवरून म्हणणार नाही. तसं म्हणणं लबाडीचं होईल, मधे हेरॉइन आहे, फेंटॅनिल आहे, खाणी बंद पडलेल्या गावांतली बेकारी आहे. पण ज्या दारावर पहारा बसवला त्या दारातून आता चोर येत नाही, एवढं तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

दंड मात्र वाढत गेले. २०२२च्या अखेरीला सीव्हीएसने सुमारे ५ अब्ज, वॉलग्रीन्सने ५.७ अब्ज आणि वॉलमार्टने ३.१ अब्ज डॉलर देण्याची तडजोड केली. एप्रिल २०२५मध्ये वॉलग्रीन्सने केंद्र सरकारशी आणखी ३५ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली, पुन्हा आक्षेपार्ह चिठ्ठ्यांवर औषध दिल्याबद्दलच. या कंपन्यांबद्दल मला सहानुभूती नाही. जेव्हा गिऱ्हाईक रांगेने येत होतं तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. पण कंपनीने भरलेल्या दंडाची धग खाली कुणाला लागते? काउंटरमागच्या माझ्या विद्यार्थ्याला, आणि त्याच्यापुढे उभ्या असलेल्या रोग्याला. डॉक्टरांना तरी २०२२च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोडा दिलासा दिला. रुआन खटल्यात ठरलं, की डॉक्टरला गुन्हेगार ठरवायचं तर त्याने जाणूनबुजून अनधिकृत चिठ्ठी लिहिली हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. फार्मासिस्टचा परवाना घालवायला मात्र फौजदारी खटल्याची गरजच नाही, प्रशासकीय आदेश पुरतो.

फ्लोरिडाने आपल्यापरीने सुधारणा केली, हेही सांगायला हवं. ऑर्लँडोच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने २०१५ साली परत पाठवलेल्या रोग्यांच्या कहाण्या लावून धरल्या. राज्याच्या फार्मसी मंडळाने सुनावण्या घेतल्या आणि वर्षअखेरीला नियम बदलला. आता भर आहे तो चिठ्ठी खरी आहे का हे पडताळण्यावर. फार्मासिस्टने रोग्याशी आणि डॉक्टरांशी बोलून शंका फेडायचा प्रयत्न करायचा, प्रत्येक रोग्याची स्थिती स्वतंत्र बघायची. चांगला नियम आहे. पण कर्मचारी कमी, मागे रांग, फोनवर डॉक्टरांच्या कार्यालयाची वाद्यधून, अशा वेळी शंका फेडण्यापेक्षा ‘स्टॉक नाही’ हे शब्द लवकर सुटतात.

आता आपल्याकडे. मध्य प्रदेशातल्या नीमच आणि मंदसौर भागात सरकारी पट्ट्यावर अफू पिकते. बोंडाला चीर देऊन चीक काढायचा, सगळा सरकारला द्यायचा, खसखस आपल्या अनारशांसाठी बाजारात. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. अमेरिकेने १९८१ साली नियम केला, की औषधासाठी लागणाऱ्या अफूजन्य कच्च्या मालापैकी ८० टक्के माल भारत आणि तुर्कस्तान या परंपरागत उत्पादकांकडूनच घ्यायचा. म्हणजे माळव्यातल्या शेतकऱ्याने खरवडलेला चीक अनेक वर्षं अमेरिकेतल्या रोग्याच्या मॉर्फिनमध्ये गेलेला आहे. ऑक्सिकोडोनचा कच्चा माल नंतर मुख्यतः टास्मानियातून आला, त्याची कथा वेगळी.

आणि इथे? १९८५ साली आपण एनडीपीएस हा अमली पदार्थांचा कायदा केला. कमीत कमी दहा वर्षांची शिक्षा, जामीन अवघड, आणि नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. मॉर्फिन ठेवायचा परवाना एका खात्याचा, राज्याबाहेरून आणायचा दुसऱ्याचा, वाहतुकीचा तिसऱ्याचा. शेवटचा परवाना हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. दुकानांनी आणि रुग्णालयांनी सरळ मॉर्फिन ठेवणंच सोडलं. जगाला अफू पुरवणाऱ्या, शंभर कोटींच्या घरात पोचलेल्या या देशात १९९७ साली वैद्यकीय कामासाठी मॉर्फिन वापरलं गेलं ते फक्त १८ किलो. नकाराचा आकडा म्हणून मी जगातला कुठला एक आकडा निवडायचा तर हा निवडेन. इथे तर कुणाला तोंडी ‘नाही’ म्हणायचीही गरज पडली नाही, कारण डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन लिहायला न शिकताच बाहेर पडली.

केरळमध्ये कालिकतला १९९३पासून डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी पोचणारी वेदनाशमनाची सेवा उभी केली, आणि साधी तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी देऊनही तिचा गैरवापर होत नाही हे दाखवून दिलं. या मंडळींच्या पाठपुराव्यामुळे फेब्रुवारी २०१४मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिनसह काही औषधं अत्यावश्यक मानली गेली, राज्याराज्यांचे वेगळे परवाने जाऊन एकच मान्यता आली. आपल्या राज्यात मुंबईच्या टाटा रुग्णालयात, वांद्र्याच्या शांती अवेदना सदनात, पुण्याला वारज्याच्या सिप्ला केंद्रात ही सेवा आहे. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या रोग्याला यातलं काय उपयोगी पडतं, हे तुम्हीच नकाशावर बघा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली गणित मांडलं. वेदना आणि अंतकाळच्या सेवेसाठी जितकं अफूजन्य औषध लागतं, त्याच्या चार टक्के तेव्हा भारतात पोचत होतं. अमेरिकेत गरजेच्या तीस पटींहून जास्त. हे वाचून आपला माणूस म्हणतो, तिकडे ढिगाने आहे आणि तरी रोगी परत जातो, मग आपलं काय? मला यात विरोधाभास दिसत नाही. ढीग कुठे पडला हे मोजलं, तो कुणाच्या ताटात गेला नाही हे मोजलं नाही, दोन्हीकडे.

एप्रिल २०१८मध्ये ट्रामाडॉल हे त्या मानाने सौम्य औषधही आपल्याकडे एनडीपीएसखाली आलं. गैरवापर होत होता, पंजाबात तर फार. तेव्हापासून कुठल्याही मेडिकलवर विचारून बघा. बरेचजण म्हणतात, एनडीपीएसचा माल आम्ही ठेवत नाही हो, इन्स्पेक्टरची कटकट नको. फ्लोरिडातला फार्मासिस्ट आणि आपल्या एसटी स्टँडसमोरचा केमिस्ट यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण दोघांनी एकाच भीतीतून एकच उत्तर शोधलं.

मी काय मागतो ते सांगून थांबतो. नियंत्रित औषध नाकारलं तर दुकानाने ते लिहिलं पाहिजे. तारीख, औषध, कारण, डॉक्टरांशी बोलणं झालं की नाही, आणि साठा नसेल तर तो मागवला होता की नाही. त्याची एक प्रत रोग्याच्या हातात. महिनाअखेरीला हे आकडे राज्याच्या त्याच नोंदीत जातील जिथे दिलेल्या गोळ्या जातात. आपल्याकडे अनुसूची एच-१ची औषधं दिल्यावर केमिस्ट रजिस्टर लिहितो आणि तीन वर्षं जपतो. त्याच वहीत आणखी एक रकाना.

ऑर्लँडोच्या विद्यार्थ्याला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, सर, तुम्ही माझ्याविरुद्ध पुरावाच तयार करताय. मी सोमवारी एका डॉक्टरची चिठ्ठी संशयाने नाकारली असं लिहिलं आणि गुरुवारी त्याच डॉक्टरच्या दुसऱ्या रोग्याला औषध दिलं, तर डीईए म्हणेल, याला माहीत होतं तरी दिलं. त्याचा आक्षेप खरा आहे. माझं उत्तर अर्धवट आहे. या नोंदीवर कारवाई करता येणार नाही असं कायद्यातच लिहावं लागेल, विमानातल्या चुकांच्या गोपनीय नोंदींना जसं संरक्षण असतं तसं. असं संरक्षण अमली पदार्थांच्या कायद्यात घालायला कुठलं विधिमंडळ तयार होईल, हे मला दिसत नाही. तुमच्यात वकील बरेच आहेत, समोरच्या रांगेत दोघे तर मला दिसतातच. अध्यक्षांची चिठ्ठी आलेली आहे, तेव्हा उरलेल्या वेळात त्यांनीच सांगावं, हा रकाना कायद्यात बसवायचा कसा.